तीन मिनिटांची शांतता : पीटर एकर्सली

रेडिओचं नाव काढलं की आपल्या तोंडी पहिलं नाव येतं ते मार्कोनीचं. कोणी थोडं जास्त वाचलेलं असेल तर तो लगेच जगदीशचंद्र बोसांचं नाव घेऊन वादाला उभा राहतो. आर्मस्ट्राँगने एफएम शोधलं, हे कम्युनिकेशनच्या पेपरासाठी आपण पाठ केलेलं असतं. पण हवेत लहरी सोडणं वेगळं, आणि त्या लहरींवरून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी हजारो अनोळखी माणसांशी बोलणं वेगळं. पहिल्या कामाला ट्रान्समीटर लागतो. दुसऱ्या कामाला एक टेबल लागतं, एक माईक लागतो, आवाज कमी-जास्त करणारी एक चकती लागते आणि त्या चकतीवर हात ठेवून बसलेला एक शहाणा माणूस लागतो.

ब्रिटनमध्ये नियमित प्रसारणाच्या अशा टेबलाशी ज्याने पहिल्यांदा बैठक मारली, तो नट नव्हता, गायक नव्हता, वक्ताही नव्हता. तो आपल्यासारखाच एक इंजिनिअर होता. त्याचं नाव पीटर पेंडल्टन एकर्सली. पुढे तो बीबीसीचा पहिला चीफ इंजिनिअर झाला आणि 1920 च्या दशकात रेडिओ ऐकणाऱ्या ब्रिटिश घरांत कॅप्टन एकर्सली हे नाव माहितीचं झालं. त्यानंतर तो कसा घसरला, हेही सांगितलं पाहिजे. म्हणून ही नुसती यशोगाथा नाही. पण अनाउन्सरच्या टेबलावर आज आपण जे काही करतो, त्याचा पाया समजून घ्यायचा असेल तर या माणसाच्या आयुष्यासारखं दुसरं पुस्तक नाही.

रेल्वेवाल्याचा मुलगा

एकर्सलीचा जन्म 6 जानेवारी 1892 चा, मेक्सिकोतल्या पुएब्ला गावचा. वडील रेल्वेचे इंजिनिअर, त्यांचं काम तिकडे चालू होतं. मुलं लहान असतानाच वडील वारले आणि मुलं इंग्लंडमध्ये वाढली. आईचं घराणं मात्र भलतंच नामांकित होतं. डार्विनची बाजू हिरिरीने मांडणारे शास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्स्ली हे पीटरचे आजोबा, आणि लेखक आल्डस हक्स्ली त्याचा मामेभाऊ. थोरला भाऊ थॉमस पुढे रेडिओलहरींच्या प्रसाराचा मोठा अभ्यासक झाला. म्हणजे घरात बुद्धीला तोटा नव्हता.

बीडेल्स नावाच्या शाळेत असतानाच पीटरला वायरलेसचं वेड लागलं. तो काळ स्पार्क ट्रान्समीटरचा. ठिणगी पाडायची आणि मोर्सची कट्ट-कड कट्ट दुसऱ्या टोकाला ऐकायची! बोलणं पाठवण्याची सोय अजून प्रयोगशाळेच्या बाहेर आलेली नव्हती. शाळा संपवून त्याने मँचेस्टरमध्ये इंजिनिअरिंग केलं आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर तो ब्रिटनच्या विमानदलात वायरलेसचा अधिकारी झाला. उघड्या कॉकपिटमध्ये, इंजिनाच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बोलणं समजेल असं पाठवायचं, हा त्या वेळचा प्रश्न होता. सिग्नल आणि नॉइज यांचं भांडण आपण सूत्रात शिकतो, एकर्सलीच्या पिढीने ते विमानात बसून शिकलं.

युद्धानंतर तो मार्कोनी कंपनीत आला. चेम्सफर्डजवळच्या रिटल या खेड्यात कंपनीचा विमानांच्या वायरलेसचा प्रायोगिक विभाग होता, त्याचा तो प्रमुख. तिथे एक लष्करी धाटणीचं लाकडी खोपट होतं. आपल्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण हेच.

एक खोपट, एक माईक

याआधी 15 जून 1920 रोजी चेम्सफर्डच्या कारखान्यातून प्रसिद्ध गायिका नेली मेल्बा हिचं गाणं प्रसारित झालं होतं आणि ते दूर दूरच्या देशांत ऐकू गेलं होतं. पण विमानांच्या आणि इतर महत्त्वाच्या संदेशांत अडथळा येतो म्हणून त्याच वर्षी पोस्ट खात्याने असे कार्यक्रम बंद करायला लावले. ब्रिटनमध्ये वायरलेसचा कारभार पोस्ट खात्याकडे होता. हौशी मंडळी नाराज झाली. घरी बनवलेले सेट आहेत, पण ऐकायला काही नाही! शेवटी 63 वायरलेस मंडळांनी मिळून अर्ज केला आणि 1922 च्या सुरुवातीला मार्कोनी कंपनीला आठवड्यातून फक्त अर्धा तास प्रसारण करायची परवानगी मिळाली.

14 फेब्रुवारी 1922, मंगळवार, संध्याकाळ. रिटलच्या खोपटातून टू एमटी हे केंद्र सुरू झालं. त्या वेळच्या सिग्नलवाल्यांच्या भाषेत एम म्हणजे एमा आणि टी म्हणजे टॉक, म्हणून केंद्राची हाक होती टू एमा टॉक. तरंगलांबी 700 मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 428 किलोहर्ट्झ. एकर्सली तेव्हा नुकता तिशीचा झाला होता. ट्रान्समीटर त्याने आणि त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांनी उभा केलेला. रोजचं काम विमानांच्या सेटचं आणि प्रसारण म्हणजे वरकड काम. आपल्या भाषेत सांगायचं तर सबमिशन सांभाळून केलेला प्रोजेक्ट!

त्या सेटअपचा ब्लॉक डायग्राम डोळ्यांपुढे आणा. टेलिफोनच्या जातीचा कार्बन माईक. त्यामागे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. त्याच्यामागे मॉड्युलेटर, ऑसिलेटर आणि शेवटी एरियल. कार्बन माईकमध्ये पडद्यामागे कोळशाचे बारीक कण भरलेले असतात. त्यातून बॅटरीचा करंट सोडायचा. आवाजाने पडदा हलला की कण दाबले-सोडले जातात, रोध बदलतो आणि करंट आवाजाबरोबर नाचायला लागतो. सिग्नल भरपूर मिळतो, हा फायदा. पण कणांची स्वतःची एक सतत खरखर असते, आणि माईक हलला-कलला की कण एकमेकांना चिकटून बसतात आणि आवाज कोंदटतो. मग माईकला हलकी टिचकी मारून कण मोकळे करायचे. आजही कार्यक्रमाआधी माईकवर टकटक करायची सवय आपल्याकडे आहे. कार्बन माईकच्या जमान्यात त्या टिचकीला अर्थ होता. आजच्या माईकला मात्र ती फक्त मार आहे!

दहातली तीन मिनिटं

परवान्यातली एक अट मोठी गमतीची होती. दर दहा मिनिटांतली तीन मिनिटं प्रसारण बंद ठेवायचं. सात मिनिटं बोला, तीन मिनिटं गप्प बसा आणि कान देऊन ऐका. कशासाठी? तर कोणाला आपला त्रास होत असेल आणि सरकारकडून थांबण्याचा हुकूम येत असेल तर तो आपल्याला कळला पाहिजे.

अट ऐकायला सरकारी वाटते, पण तिच्यामागे इंजिनिअरिंगचं सरळ कारण आहे. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच जागी असतील तर आपला स्वतःचा दणदणीत सिग्नल आपल्याच रिसीव्हरला बहिरा करून टाकतो. वॉकीटॉकीवर बटण दाबून धरलं की समोरच्याचं ऐकू येत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणून ऐकायचं असेल तर आधी आपला कॅरियर बंद करायला हवा. अर्ध्या तासात नऊ मिनिटं शांतता, एकवीस मिनिटं कार्यक्रम!

कार्यक्रमाच्या दृष्टीने ही अट म्हणजे वैतागच. गाणं रंगात आलं की थांबा. एकर्सलीला ती मुळीच आवडत नव्हती, आणि एका मंगळवारी त्याने ती सरळ धाब्यावर बसवली.

झालं असं, की सुरुवातीचे काही आठवडे कार्यक्रम म्हणजे लंडनच्या ऑफिसने ठरवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या. एकर्सली स्वतः माईकपाशी नव्हता. एकदा संध्याकाळी गावातल्या पबमध्ये जेवण वगैरे उरकून, मजेत असलेला हा गडी खोपटात आला आणि त्याने माईक हातात घेतला. मग काय! तबकड्यांवर टिंगल, नकला, ऑपेरावाल्यांची थट्टा, जे सुचेल ते. तीन मिनिटांच्या शांततेचा त्याला विसर पडला आणि ठरलेली वेळही केव्हाच उलटून गेली. लंडनच्या ऑफिसमधून कानउघाडणी झाली. पण पाठोपाठ श्रोत्यांची पोस्टकार्डं येऊन पडली, आणि ती सगळी कौतुकाची. लोकांना तबकड्या नको होत्या, माणूस हवा होता.

तेव्हापासून दर मंगळवारी एकर्सलीचा आवाज ठरलेला. यंत्र जुळवणारा तोच, लेव्हल बघणारा तोच आणि बोलणाराही तोच. आज ज्याला आपण एकट्याने चालवायचा कन्सोल म्हणतो, म्हणजे निवेदकच माईक उघडतो, निवेदकच गाणं सोडतो आणि निवेदकच फेडर सांभाळतो, त्याचा ब्रिटनमधला अगदी सुरुवातीचा नमुना म्हणजे हे टेबल. 17 ऑक्टोबर 1922 रोजी याच खोपटातून सिरानो द बर्जराक या नाटकातला प्रवेश प्रसारित झाला. ब्रिटनच्या रेडिओवरचं ते पहिलं नाटक मानतात. नट अनेक आणि माईक एकच! त्यामुळे ज्याचं वाक्य त्याच्या पुढ्यात माईक, असा सगळा मामला.

17 जानेवारी 1923 रोजी टू एमटी बंद झालं. जेमतेम 11 महिन्यांचं आयुष्य. पण तोपर्यंत लंडनमध्ये बीबीसी जन्माला आली होती.

एका टेबलाची दोन टेबलं

बीबीसीचं प्रसारण 14 नोव्हेंबर 1922 ला सुरू झालं. तेव्हा ती खासगी कंपनी होती, सरकारी सनद मिळालेलं महामंडळ ती 1927 मध्ये झाली. जॉन रीथ तिचा प्रमुख. स्कॉटलंडच्या पाद्र्याचा मुलगा, शिस्तीचा आणि नीतीचा कट्टर. 1923 च्या सुरुवातीला एकर्सली तिथे चीफ इंजिनिअर म्हणून दाखल झाला. एक अत्यंत गंभीर आणि दुसरा अत्यंत मिश्कील, तरी काही वर्षं ही जोडी छान चालली.

इथे एक मोठा बदल झाला आणि तो आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. रिटलला बोलणारा आणि यंत्र सांभाळणारा एकच होता. सव्हॉय हिलच्या इमारतीत मे 1923 मध्ये स्टुडिओ आल्यावर बोलणारा जाड पडद्यांनी मढवलेल्या शांत खोलीत गेला आणि आवाज सांभाळणारा कंट्रोल रूममध्ये. मधे भिंत. आता बोलणाऱ्याला कळणार कसं की आपण प्रसारणात आहोत की नाही? म्हणून खुणेचे दिवे आले. आवाज सांभाळणाऱ्याला कळणार कसं की बाहेर काय जातंय? म्हणून त्याच्या कानावर हेडफोन आला. आज आपल्याला ऑन एअरचा लाल दिवा शोभेची वस्तू वाटतो. पण तो दिवा म्हणजे भिंतीपलीकडच्या माणसाशी केलेला करार आहे.

माईकही बदलला. कॅप्टन राउंड हा मार्कोनी कंपनीचा नामांकित इंजिनिअर. त्याच्या आणि साइक्सच्या नावाने ओळखला जाणारा मॅग्नेटोफोन माईक बीबीसीत आला. जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात अॅल्युमिनियमच्या बारीक तारेची चपटी कॉइल, आणि ती जागेवर राहावी म्हणून कापूस आणि व्हॅसलिन! हे वजनदार प्रकरण रबराच्या झोळीत टांगून चाकांच्या गाड्यावर ठेवत. बाहेरून जाळी असल्यामुळे स्टुडिओतली मंडळी त्याला मांस ठेवायचं जाळीचं कपाट म्हणून चिडवत. कार्बनपेक्षा आवाज कितीतरी स्वच्छ, पण सिग्नल अगदी क्षीण. म्हणजे अॅम्प्लिफिकेशन जास्त, आणि अॅम्प्लिफिकेशन जास्त म्हणजे खरखर, हम आणि हादरे यांनाही तेवढंच बळ. माईक चांगला झाला तशी टेबलावरच्या माणसाची जबाबदारी वाढली.

लेव्हल म्हणजे काय, हे इथे समजून घेऊ. मोठ्या वाद्यवृंदातल्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात 60 डेसिबलचा फरक सहज असतो, म्हणजे पॉवरमध्ये दहा लाख पट. टेलिफोनची लाइन आणि तेव्हाचा ट्रान्समीटर एवढा फरक पेलू शकत नव्हते. आवाज फार हळू गेला तर तो लाइनच्या खरखरीत बुडणार. फार मोठा गेला तर मॉड्युलेशन 100 टक्क्यांच्या पलीकडे जाऊन आवाज फाटणार आणि शेजारच्या केंद्रालाही त्रास होणार. म्हणून कंट्रोल रूममधल्या माणसाने मोठा आवाज यायच्या आधीच चकती हळूच खाली घ्यायची आणि हळू जागा यायच्या आधी वर न्यायची. आवाज आल्यावर हात हलवला तर उशीर झालेला असतो. यासाठी पुढे काय येणार आहे ते माहीत हवं. संगीत समजणारी माणसं कंट्रोलच्या कामाला लागतात, ती याचसाठी.

लाइव्हची हौस

एकर्सलीच्या काळात बीबीसी स्टुडिओबाहेर पडली. 8 जानेवारी 1923 ला कॉव्हेंट गार्डनमधून ऑपेरा थेट प्रसारित झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टेलिफोनच्या ट्रंक लाइनने केंद्रं जोडून एकच कार्यक्रम सगळीकडे एकाच वेळी जाऊ लागला. 31 डिसेंबर 1923 च्या मध्यरात्री बिग बेनचे ठोके थेट ऐकवले गेले. 5 फेब्रुवारी 1924 पासून ग्रिनिचच्या वेळेचे टूंऽ टूंऽ सुरू झाले. 23 एप्रिल 1924 ला वेम्बलीच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करताना राजे पंचम जॉर्ज रेडिओवर बोलले.

आणि 19 मे 1924 ला तर कमाल झाली. बिएट्रिस हॅरिसन ही चेलोवादक सरे परगण्यातल्या आपल्या बागेत रात्री चेलो वाजवायची आणि नाइटिंगेल पक्षी तिला साथ द्यायचे. ते थेट प्रसारित करा, असा तिचा आग्रह. रीथ आधी तयार नव्हता, पण शेवटी परवानगी मिळाली. माईक झुडपांत, अॅम्प्लिफायर जवळच, आणि टेलिफोनच्या लाइनने आवाज लंडनला. कलाकार पक्षी, म्हणजे रिहर्सल नाही आणि लेव्हल चेकही नाही! बराच वेळ काहीच नाही, आणि मग पक्षी गायला लागला. लाइव्ह प्रसारणात थांबून ऐकण्याची ताकद काय असते, ते त्या रात्री श्रोत्यांना कळलं.

एकर्सलीचं खरं मोठं काम मात्र कागदावरचं होतं. श्रीमंताच्या महागड्या व्हॉल्व्ह सेटवर तर ऐकू जाईलच, पण साध्या क्रिस्टल सेटवाल्यालाही ऐकू गेलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. क्रिस्टल सेटला बॅटरी नाही आणि अॅम्प्लिफिकेशनही नाही. मग ताकद ट्रान्समीटरनेच द्यायला हवी. 27 जुलै 1925 ला डॅव्हेंट्रीचं 25 किलोवॅटचं लाँगवेव्ह केंद्र सुरू झालं आणि खेड्यापाड्यांत रेडिओ पोचला. नंतर त्याने प्रादेशिक योजना आखली. एकाच जागी दोन ट्रान्समीटर, दोन वेगळे कार्यक्रम, म्हणजे श्रोत्याला निवड. त्यातलं पहिलं केंद्र ब्रुकमन्स पार्क ऑक्टोबर 1929 मध्ये सुरू झालं.

पण ते सुरू होताना एकर्सली बीबीसीत नव्हता.

नोकरी गेली

कारण तांत्रिक नव्हतंच. विवाहित एकर्सलीचं एका सहकाऱ्याच्या पत्नीशी, डोरोथी क्लार्क हिच्याशी प्रेम जमलं आणि प्रकरण घटस्फोटापर्यंत गेलं. रीथच्या बीबीसीत हे चालण्यासारखं नव्हतं. 1929 मध्ये चीफ इंजिनिअरला जावं लागलं. 1930 मध्ये त्याने डोरोथीशी लग्न केलं. त्याच्या जागी आलेला नोएल अॅशब्रिज हाही रिटलच्याच खोपटातला जुना सहकारी.

माणसाच्या खासगी आयुष्यासाठी त्याचं काम काढून घ्यावं का? आज आपण बहुतेक जण नाही म्हणू. त्याच्यावर अन्याय झाला असंही म्हणू. पण पुढचं वाचलं की सहानुभूती जरा अडखळते.

बाहेर पडल्यावर तो तारेवरून घरोघरी कार्यक्रम पोचवण्याच्या कल्पनेमागे लागला. आजच्या केबलची ती आजी म्हणा! कल्पना उत्तम होती, पण साथ पुरेशी मिळाली नाही. मग युरोपातून इंग्रजी कार्यक्रम सोडणाऱ्या व्यापारी रेडिओवाल्यांचं काम त्याने केलं. राजकारणात तो ऑस्वल्ड मोझ्लीच्या न्यू पार्टीत गेला. हाच मोझ्ली पुढे ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी झाला, तरी एकर्सलीने त्याची साथ लगेच सोडली नाही. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनबाहेरून व्यापारी रेडिओ चालवून पैसा उभा करायची मोझ्लीच्या गोटाची योजना होती आणि जर्मनीशी तिची बोलणी झाली. त्या योजनेतला रेडिओचा जाणकार एकर्सली होता. युद्ध सुरू झालं आणि योजना बारगळली. डोरोथी तर नाझींची भक्त झाली, युद्धकाळात बर्लिनच्या रेडिओवर काम करत राहिली आणि 1945 मध्ये तिला ब्रिटनमध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. तोवर दोघांचे मार्ग वेगळे झाले होते. पण डाग पुसला गेला नाही. ज्या महायुद्धात रेडिओ हे शस्त्र झालं, त्या युद्धात ब्रिटनने आपल्या सगळ्यात अनुभवी रेडिओ इंजिनिअरला प्रसारणापासून लांबच ठेवलं. 1941 मध्ये त्याने आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं. 18 मार्च 1963 रोजी तो वारला.

काही जण म्हणतील, तो तर फक्त तंत्रज्ञ होता, मास्ट कोणासाठी उभारायचा हे ठरवणं त्याचं काम नव्हतं. मला हे पटत नाही. बीबीसीत असताना क्रिस्टल सेटवाल्या गरिबापर्यंत आवाज गेला पाहिजे, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं ना? तेव्हा त्याला श्रोता दिसत होता. मग नंतर आपल्या ट्रान्समीटरच्या पैशावर कोणतं राजकारण पोसलं जाणार आहे, हेही दिसायला हवं होतं. रिटलच्या परवान्यातली तीन मिनिटं त्याला जाच वाटली. पण आपला आवाज थांबवून, आपल्यामुळे कोणाचं काय होतंय हे ऐकण्याची सवय त्याला आयुष्यात फार उपयोगी पडली असती.

आपल्याकडचा धागा

या खोपटाचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. मुंबईत 23 जुलै 1927 ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी तोट्यात गेली आणि सरकारने कारभार हाती घेतला. 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं. त्याच वर्षी भारतात प्रसारणाची आखणी कशी करावी, याचा सल्ला द्यायला बीबीसीने आपला एक इंजिनिअर इकडे पाठवला. त्याचं नाव एच. एल. किर्क. हा किर्क रिटलच्या खोपटात एकर्सलीच्या हाताखाली काम केलेला! म्हणजे ज्या आकाशवाणीच्या आवाजावर आपले आजी-आजोबा घड्याळ लावत होते, तिच्या पायाभरणीला रिटलची माती थोडी लागलेली आहे.

आकाशवाणीत ड्यूटी ऑफिसर नावाचं एक पद असतं. प्रसारण लक्ष देऊन ऐकायचं आणि काय बिघडलं, काय चुकलं ते नोंदवायचं, हा त्याच्या कामाचा मोठा भाग. बोलणारे पुष्कळ असतात, पण ऐकण्यासाठी माणूस नेमलेला असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आजचं टेबल

2002 च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओची दारं उघडली आणि 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. पुढे आपल्यापैकी कोणी अशा टेबलाशी बसला, तर एकर्सलीच्या आयुष्यातून निघणारे काही धडे थेट कामाला येतील.

पहिला धडा लेव्हलचा. निवेदकाला वन-टू-थ्री म्हणायला लावून लेव्हल घेऊ नका. माणूस आकडे एका आवाजात म्हणतो आणि बातमी दुसऱ्या आवाजात वाचतो. जे वाचायचं आहे त्यातलाच उतारा वाचायला लावा. फेडर शून्याच्या खुणेवर ठेवा आणि वरच्या गेनने लेव्हल आणा. मीटर लाल दिव्याच्या बराच खाली राहू द्या, कारण लाइव्हमध्ये माणूस उत्साहाने मोठ्याने बोलतोच. माईक तोंडापासून साधारण वीतभर आणि थोडा बाजूला. अंतर निम्मं केलं की लेव्हल साधारण 6 डेसिबलने वाढते, म्हणून अंतर ठरवा आणि पाळा.

दुसरा धडा परत येणाऱ्या आवाजाचा. माईक उघडा असताना त्याच खोलीतला स्पीकर बंद व्हायलाच हवा, नाहीतर शिट्टी ठरलेली. चांगल्या कन्सोलमध्ये ही सोय आपोआप असते. फोनवरच्या पाहुण्याला सगळा कार्यक्रम ऐकवा, पण त्याचा स्वतःचा आवाज त्यातून वगळा. आपलाच आवाज उशिरा कानावर आला की भलेभले अडखळतात. जो माईक वापरात नाही त्याचा फेडर खाली. खोकल्याचं बटण असेल तर ते कुठे आहे हे आधी बोटांना माहीत हवं. चालू करताना मिक्सर आधी आणि पॉवर अॅम्प्लिफायर शेवटी, बंद करताना उलट. 48 व्होल्टचा फँटम सप्लाय कंडेन्सर माईकला लागतो, साध्या डायनॅमिकला नाही. एक जादा माईक आणि एक जादा केबल हाताशी जोडूनच ठेवा.

तिसरा धडा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. मिक्सरमधून काय निघतंय ते ऐकणं पुरेसं नाही, श्रोत्याला काय मिळतंय ते ऐका. त्यासाठी टेबलावर एक साधा रेडिओ ठेवा आणि अधूनमधून हेडफोन त्याला लावा. मिक्सर ठणठणीत आणि ट्रान्समीटर मुका, अशी वेळ कधीही येऊ शकते. ती चूक मीटर दाखवत नाही, कान दाखवतात.

रिटलचं ते खोपट पुढे चेम्सफर्डच्या संग्रहालयाने जपून ठेवलं. त्यातून गेलेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करायची सोय तेव्हा नव्हती. एकर्सलीच्या त्या मंगळवारच्या गमतीजमती हवेत गेल्या त्या गेल्याच. पण त्याने घालून दिलेली टेबलाची रीत अजून चालू आहे. बोला, मजेत बोला, लोकांना तबकडी नाही, माणूस हवा असतो. आणि दर थोड्या वेळाने हात थांबवून कान द्या. परवान्यात आता तशी अट नाही, म्हणून ती आपली आपणच पाळायची.